वायाचा रकाना

यादीत माझं नाव एकेचाळिसावं.
पहिल्या दिवशी मी सांगितलं, बीपी वाढलंय.
दुसऱ्यांदा, आज संकष्टी आहे.
तिसऱ्यांदा कुणी कारण विचारलंच नाही,
डॉक्टर हसबनीसांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं
आणि बेचाळिसावं नाव घेतलं.

बावीस वर्षं मी दत्तवाडीच्या दवाखान्यात टोचते आहे.
ओढ्याच्या काठापासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत
जी पोरं आज बुलेट उडवतात
त्यांच्या डाव्या दंडावरचा बारीक वण माझ्या हातचा.
त्यांच्या आयांना मीच सांगितलं,
फोड येईल, घाबरायचं नाही, शेकायचं नाही.
आणि माझाच दंड
पदराखाली अंग चोरून बसलेला.

लशीची भीती म्हणाल, तर तशी नाही.
लस इथलीच, हडपसरच्या पुढे बनते,
पूनम तुपसौंदरचा मामा तिथे बाटल्या मोजतो,
तोही म्हणाला, माल चांगलाय.
मालाचं नाही हो.
जूनमध्ये याच लोकांनी आम्हाला
किट म्हणून रेनकोट दिले होते,
निळे, खिशाला चेन असलेले,
आणि म्हणाले होते, पूर्ण सुरक्षित.
याच आवाजात.

आता कुणी पूर्ण सुरक्षित म्हटलं
की मला दमयंती सिस्टर दिसते,
टोपीची नाडी हनुवटीखाली गच्च बांधलेली,
आत उकडून निघालेली.
ऑगस्टात गेली.
तिच्या विम्याचा कागद अजून
या टेबलावरून त्या टेबलावर.
तिचा नवरा दर सोमवारी येतो,
माझ्याकडे पाणी मागतो, पितो, जातो.

गुरुवारी दीड महिन्याचं बाळ घेऊन एक बाई आली.
मी मांडी धरली, टोचलं, ते किंचाळलं,
आणि ती मधेच म्हणाली,
सिस्टर, तुम्ही घेतली का हो, ती नवीन?
हो, मी म्हटलं.
इतकं सहज निघालं तोंडातून
की बाळसुद्धा क्षणभर रडायचं थांबलं.
असं मला वाटलं. थांबलं नसेल.

शनिवारी बाटली फोडली एक वाजून दहा मिनिटांनी.
दहा डोस. माणसं आली आठ.
फोडलेली बाटली चार तास.
पाच वाजत आले. पूनमने यादीतल्या दोघींना फोन लावले,
एकीचा बंद, एकीने कापला.
रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, वाया.
त्यात आकडा लिहिताना मला दर वेळी
दूध उतू गेल्यासारखं होतं.

कुणी पटवलं नाही मला.
मी खुर्ची ओढली, पदराची पिन काढली.
मॅडम, मी देऊ?
तूच. दुसरं कोण आहे इथे.
पोरीचा हात थरथरत होता,
माझंच वाक्य तिने मला म्हटलं,
हात सैल सोडा, तिकडे बघा.
तिकडे भिंतीत खिळा होता
आणि खिळ्याला निळा रेनकोट.

मग बबन खुडेला हाक मारली, अजून एक उरलाय.
तो फरशी पुसत होता.
नको, म्हणाला, मान वर न करता.
मी आग्रह केला नाही.
दमयंतीला स्ट्रेचरवर घेताना
तिचे पाय त्याने धरले होते.

अर्धा तास बसायचं असतं. बसले.
गुरुवारचं खोटं आता खरं झालं होतं,
पण मधले दोन दिवस ते खोटंच होतं,
ते कुठल्या रकान्यात धरायचं?
दंड जड होत चालला.
रजिस्टर ओढून लिहिलं, दिले नऊ.
वाया, एक.

बबन बादली घेऊन टेबलापाशी आला,
म्हणाला, पाय वर घ्या, मॅडम.
घेतले.